आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरी : युनियनच्या फॉर्मवर सही करावी का?

कोरांटी

माझ्या भाचीला जिनिव्हात एका आंतरराष्ट्रीय संस्थेत दोन वर्षांच्या करारावर नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. घरात आनंदीआनंद आहे, पण एका कागदावरून वाद पेटलाय. नेमणुकीच्या कागदांबरोबर कर्मचारी संघटनेचा सभासद-अर्ज आलाय. सक्ती नाही. वर्गणी दरमहा पगारातून कापली जाणार. भाऊजी म्हणतात, अजिबात सही करायची नाही, पहिल्याच महिन्यात नाव साहेबांच्या डोळ्यांवर येईल. ताई म्हणते, दिल्लीत काय झालं ते विसरलात का?

दिल्लीत काय झालं ते सांगते. या नोकरीआधी भाची चार वर्षं दिल्लीत अशाच एका दुसऱ्या संस्थेत 'कन्सल्टंट' होती. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक महिना सक्तीचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाच्या महिन्यात गळ्यातलं ओळखपत्र जमा करायचं, ईमेल बंद. पण फोन चालू! "ती फाईल कुठे ठेवलीयेस?", "त्या तक्त्यात हा आकडा कुठून आला?" पोर घरी बसून फुकट उत्तरं द्यायची. गेल्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी मेल आला की कंत्राट पुढे वाढवत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांचे पैसे अजून अडकलेत.

ती फाईल घेऊन कामगार खात्याच्या कार्यालयात गेली होती. तिथल्या बाईंनी पहिल्या पानावरचं लेटरहेड वाचलं, फाईल बंद करून दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाल्या, "बेटा, यह हमारे दायरे में नहीं आता." त्या वाईट वागल्या नाहीत. पण भाचीला ते वाक्य अजून टोचतं.

तर, अशा संस्थांत काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा. युनियनचा उपयोग होतो का? आणि सही केल्यानं खरंच त्रास होतो का?

दुपारचा_चहा

सही करायला सांगा. रुजू व्हायच्या दिवशीच.

शेखर_डोंबिवली

मला प्रश्नच नीट कळला नाही. जिनिव्हाचा पगार, त्यावर आयकर नाही, मुलांच्या शिक्षणाला मदत, वर्षाला तीस दिवस रजा. युनियन गिरणीवाल्याला लागते, हमालाला लागते, सफाई कामगाराला लागते. यांना कशाला? चिडवायला विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

नदीपल्याड

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.

तळ्याकाठी

जिनिव्हात सतरा वर्षं झाली, त्यातली चार वर्षं कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी होतो. म्हणून जरा लांबण लावतो.

शेखर, आधी तुमचं. कर नाही हे अर्धसत्य आहे. यूएनच्या पगारातून 'स्टाफ असेसमेंट' नावाची कपात होते, ती करासारखीच असते, फक्त देशाऐवजी संस्थेकडे जाते. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. समजा तुम्हाला उद्या डोंबिवलीतल्या कंपनीनं विनाकारण काढलं, तर कामगार आयुक्त आहेत, कामगार न्यायालय आहे, वर उच्च न्यायालय आहे. आम्हाला यातलं काहीही नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेषाधिकारांचा करार १९४६ चा आहे. त्यानुसार संस्थेला कुठल्याही देशाच्या कोर्टात खेचता येत नाही. स्वित्झर्लंडचा कामगार कायदा आमच्या इमारतीच्या फाटकापाशी थांबतो. दिल्लीत त्या बाईंनी जे सांगितलं तेच इथला स्विस अधिकारीही सांगेल.

मग दाद कुठे मागायची? त्यासाठी संस्थांनी आपली वेगळी न्यायाधिकरणं उभी केली. सगळ्यात जुनं म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं, म्हणजे आयएलओचं. १९२७ मध्ये राष्ट्रसंघासाठी, म्हणजे यूएनच्या आधीच्या संस्थेसाठी, ते सुरू झालं, राष्ट्रसंघ बुडाल्यावर १९४६ मध्ये आयएलओकडे आलं. आज पन्नासहून जास्त संस्था ते मानतात. सात न्यायाधीश, वर्षाला दोन सत्रं, जवळजवळ सगळं काम कागदावर. तोंडी सुनावणी क्वचितच. यूएनच्या सचिवालयाचं वेगळं आहे. तिथे १ जुलै २००९ पासून दोन पायऱ्यांची पद्धत आली, खाली विवाद न्यायाधिकरण आणि वर अपील.

आता युनियनचा संबंध कुठे येतो ते बघा. या न्यायाधिकरणांसमोर युनियन स्वतःच्या नावानं कामगारांच्या वतीनं खटला भरू शकत नाही. एकेका माणसालाच उभं राहावं लागतं. आणि एकट्या माणसाला काय माहीत असतं? मुदतीसुद्धा माहीत नसतात. आयएलओच्या न्यायाधिकरणात अंतिम निर्णय हातात पडल्यापासून नव्वद दिवस. यूएनमध्ये आधी साठ दिवसांत व्यवस्थापनाकडे फेरविचार मागायचा, मग पुढचे नव्वद दिवस. मी प्रतिनिधी असताना आमच्या खोलीत एक बाई आली होती. बदलीचा हुकूम पूर्णपणे चुकीचा. ती वरिष्ठांशी गोडीगुलाबीनं बोलत राहिली, ते "बघतो, बघतो" म्हणत राहिले. माझ्यासमोर कागद ठेवला तेव्हा नव्वदावर चार दिवस झाले होते. चार दिवस! तिच्या बाजूनं सगळं होतं आणि काहीच करता आलं नाही. त्या दिवसापासून आम्ही नव्या सभासदाला पहिल्या भेटीत फक्त मुदती शिकवायचो. बाकी सगळं नंतर.

कोरांटीताई, भाऊजींची भीतीही खोटी नाही. मुदतीच्या करारावरच्या माणसाला कराराचं नूतनीकरण हक्कानं मागता येत नाही. युनियनचं काम केलं म्हणून नूतनीकरण नाकारलं तर ते बेकायदा ठरतं, पण ते कारण सिद्ध करणं फार अवघड. तरी नुसत्या सभासदत्वाचा कुणाला त्रास झालेला मी सतरा वर्षांत पाहिलेला नाही. पदाधिकाऱ्यांना झालेला पाहिलाय. हा फरक भाऊजींना सांगा.

साताऱ्याचा_वकील

तळ्याकाठी यांचा प्रतिसाद फार मोलाचा. भारतातलं मी लिहितो.

आपल्याकडे १९४७ चा संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार व उन्मुक्ती) कायदा आहे. सरकार अधिसूचना काढून इतर आंतरराष्ट्रीय संस्थांनाही त्याचं कवच देऊ शकतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला ज्वारी-तुरीवर संशोधन करणारी इक्रिसॅट आहे, तिला १९७२ मध्ये असं कवच मिळालं. तिथल्या नोकरीवरून काढलेल्या कर्मचाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ही संस्था राज्यघटनेच्या बाराव्या कलमातली 'राज्यसंस्था' नाही, तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेलही. पण मी तो वाचला तेव्हा डोळ्यांसमोर आलं ते असं, की माणूस भारतीय, जमीन भारतीय, शेतातली तूर भारतीय आणि दाद मागायला भारतात दार नाही.

कोरांटी, तुमच्या भाचीबद्दल एक महत्त्वाचं. कन्सल्टंट म्हणजे 'स्टाफ' नव्हे. तिला वरची न्यायाधिकरणंही सहसा बंद असतात. पण तिच्या कंत्राटाच्या मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत, लवादाचं कलम असण्याची दाट शक्यता आहे. आधी सामोपचारानं मिटवायचं आणि न मिटल्यास लवाद, असा क्रम असतो. ते पान शोधा. अडकलेल्या पैशांचा रस्ता तिथून आहे, कामगार खात्यातून नाही.

पाटणचेरूकर

वकीलसाहेबांनी आमच्या गावाचं नाव घेतलं म्हणून लॉगिन केलं! वडील इक्रिसॅटच्या फार्मवर होते, मूळचे आम्ही उदगीरचे. मराठवाड्याची बरीच माणसं तिथे होती. तिथल्या तुरीच्या प्लॉटमध्ये आम्ही पोरं लपाछपी खेळायचो. कोर्टाच्या निकालाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ती तूर मात्र आमच्या उदगीरच्या वरणासारखी शिजायची नाही हे शपथेवर सांगतो.

सुगरण_माई

वरण कुकरला लावता की पातेल्यात? उदगीरच्या पाण्याचा गुण असेल तो.

पाटणचेरूकर

पातेल्यात, माई. चुलीवर. हिंग शेवटी.

दुपारचा_चहा

वरण वेगळ्या धाग्यावर घ्या बुवा, इथे भूक लागतेय. मूळ प्रश्नावर या.

आबा_परळ

मी गिरणीत होतो. १९८२ चा संप अंगावर काढलाय, त्यामुळे युनियन या शब्दाशी माझं नातं जुनं आहे. दोन गोष्टी विचारतो. एक, या लोकांना संप करता येतो का? संप नसेल तर युनियन कसली, ते भजनी मंडळ. दोन, आयएलओ म्हणजे तीच ना, जिच्या परिषदेला ना. म. जोशी गेले होते? मग त्या घरच्या नोकरांनाच कायदा नाही?

नदीपल्याड

आबा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मला नेमकं तिथूनच सुरू करायचं होतं.

हो, तेच. आपल्या रायगडातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, त्यामागे त्यांचा मोठा हात. आणि त्याच १९२० मध्ये आयएलओच्या कर्मचाऱ्यांनी आपली युनियन काढली. म्हणजे जगाला कामगार-हक्क शिकवायला बसलेल्या घरातल्या कारकुनांना आणि टायपिस्टना पहिल्याच वर्षी कळलं होतं की आपल्यालाही संघटना लागणार. संघटना स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९४८ मध्ये आला. (भारतानं तो अजून मंजूर केलेला नाही. सामूहिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचाही नाही. याबद्दल मला फार वाटतं, पण तो वेगळा धागा.)

आता शेखर यांना उत्तर. या लोकांना युनियन पगारासाठी नंतर लागते, आधी मानेसाठी लागते. यूएनच्या सनदेचं शंभरावं कलम सांगतं की कर्मचाऱ्यानं कुठल्याही सरकारकडून हुकूम घ्यायचा नाही. वाचायला सोपं आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये काय झालं बघा. अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड चाललेली. सिनेटच्या समितीनं यूएनमधल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांना बोलावलं. काहींनी अमेरिकेच्याच राज्यघटनेनं दिलेला गप्प राहण्याचा हक्क वापरला. सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी त्यांना कामावरून काढलं. कर्मचारी न्यायाधिकरणात गेले आणि १९५३ मध्ये अकरा जणांना भरपाई मंजूर झाली. अमेरिकेचं म्हणणं पडलं की महासभेनं हे पैसे देऊच नयेत. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १३ जुलै १९५४ ला नऊ विरुद्ध तीन मतांनी न्यायालयानं सांगितलं, की न्यायाधिकरण तुम्हीच नेमलंत, त्याचा निकाल तुमच्यावर बंधनकारक आहे, महासभेला तो नाकारता येणार नाही.

त्या अकरा जणांत कुणी मोठा राजदूत नव्हता. नोकरी करणारी माणसं होती. त्यांच्या पाठीशी सहकारी उभे नसते तर पुढच्या सत्तर वर्षांत कुठलंही बलाढ्य सरकार आपल्या नावडत्या माणसाला फोनवरून घरी पाठवू शकलं असतं. तुमच्या-माझ्या पोरांना पोलिओचे थेंब पाजणारी संस्था कुणाच्या दबावाखाली आकडे बदलत नाही अशी आपली अपेक्षा असते ना? ते आकडे लिहिणाऱ्या माणसाची नोकरी सुरक्षित असली तरच.

शेखर_डोंबिवली

हे माहीत नव्हतं. 'मानेसाठी' हे पटलं. पगाराचं अजून पटायचंय.

तळ्याकाठी

शेखर, पगाराचंच ऐका मग. आणि आबांच्या संपाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

आमच्या पगारात 'पोस्ट ॲडजस्टमेंट' नावाचा भाग असतो. आपल्या डीएचा भाऊ समजा. कुठल्या शहरात किती महागाई, त्यावर तो ठरतो. ठरवतो पंधरा सदस्यांचा एक आयोग, आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग, १९७४ मध्ये महासभेनं स्थापलेला. २०१७ मध्ये आयोगानं जिनिव्हाचा हा भाग असा कमी केला की हातात येणारा पगार आधी साडेसात टक्क्यांच्या आसपास घसरणार होता, ओरड झाल्यावर तो पाचाच्या घरात आणला. कुणी म्हणेल, सोसा की. सोसलंही असतं. पण हिशोब चुकलाय असं आमच्या लोकांना दिसत होतं. आणि हिशोब तपासायला आमच्याकडे माणसं कमी नव्हती! इथल्या संस्थांमधलेच संख्याशास्त्रज्ञ कामाला लागले, आयोगाची पद्धत उलगडून तिच्यातल्या चुका दाखवल्या. मार्च २०१८ मध्ये काम बंद झालं. मी त्या दिवशी फाटकाबाहेर थंडीत उभा होतो, शेजारी आमच्या खात्याची सत्तावीस वर्षं नोकरी झालेली सेक्रेटरी. आयुष्यात पहिल्यांदा हातात फलक धरला होता तिनं, उलटा. मी सरळ करून दिला.

शेकडो लोकांनी दावे लावले. जुलै २०१९ मध्ये आयएलओच्या न्यायाधिकरणानं ४१३४ क्रमांकाचा निकाल दिला की हा भत्ता स्वतःहून ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाहीच, तो फक्त शिफारस करू शकतो, ठरवायचं महासभेनं. कपात रद्द. आयएलओ, डब्ल्यूएचओ, आयटीयू, वायपो, आयओएम या जिनिव्हातल्या संस्थांच्या लोकांना पैसे परत मिळाले. पण यूएन सचिवालयाच्या लोकांचं न्यायाधिकरण वेगळं. तिथे २०२० मध्ये ते हरले, २०२१ मध्ये अपिलातही हरले. परिणाम असा की एकाच शहरात, एकाच श्रेणीच्या, एकाच ट्रामनं कामावर येणाऱ्या दोन माणसांचे पगार वेगळे झाले. शेवटी महासभेनं आयोगाच्या घटनेतच दुरुस्ती करून अधिकार स्पष्ट केले.

हरणाऱ्यांमध्ये माझे जवळचे मित्र होते. त्यांनीही तेवढीच वर्गणी भरली होती, तेवढाच वेळ थंडीत काढला होता. त्यामुळे 'युनियन असली की जिंकता' असं मी भाचीला सांगणार नाही. पण एकेकटे असतो तर आयोगाच्या गणितातली चूक कुणी पाहिलीच नसती.

आबा_परळ

फलक उलटा धरला तरी माणूस उभा राहिला ना, तेवढं पुरे. आमच्यातही पहिल्या दिवशी असंच असायचं. तुमच्या सेक्रेटरीबाईंना परळच्या आबाचा नमस्कार सांगा.

तळ्याकाठी

सांगतो आबा. निवृत्त झाल्यात, पण दर गुरुवारी बाजारात भेटतात.

म्युनिककर_प

संपावर आणखी एक भर. युरोपीय पेटंट कार्यालय आमच्या गावात आहे, म्युनिकमध्ये, शिवाय हेगजवळ, बर्लिनला आणि व्हिएन्नाला. ते ना यूएनचं, ना युरोपीय संघाचं, स्वतंत्र संस्था. तिथल्या युनियनचं नाव सुएपो. मी त्या संस्थेत नाही, पण शेजारीपाजारी बरेच आहेत आणि हे सगळं वर्तमानपत्रांत गाजलेलं आहे.

२०१३ मध्ये तिथे नियम आला की संप करायचा तर मतदान कार्यालयच घेणार आणि किमान चाळीस टक्के लोकांनी मत दिलं पाहिजे. संपाच्या एका दिवसाला महिन्याच्या पगाराचा विसावा भाग कापणार. म्हणजे ज्याच्या विरोधात संप, तोच मतपेटी ठेवणार! युनियननं डच कोर्टात धाव घेतली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हेगचं अपील न्यायालय युनियनच्या बाजूनं बोललं. डच सरकारनं त्या निकालाची अंमलबजावणी होऊ दिली नाही, आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संस्थेला इम्युनिटी, म्हणजे कोर्टांपासून संरक्षण, आहे, आम्ही यात पडू शकत नाही. मधल्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये, म्युनिकमधल्या युनियनच्या दोन नेत्यांना बडतर्फ केलं आणि तिसऱ्याची श्रेणी उतरवली.

शेवटी ७ जुलै २०२१ ला आयएलओच्या न्यायाधिकरणानं संपाचे ते नियम बेकायदा ठरवले. संपाचा हक्क आहे, आणि विसावा नव्हे, तिसावा भागच कापता येईल. तर आबा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. पण ते 'हो' मिळायला आठ वर्षं लागली.

कोरांटी

आठ वर्षं! भाचीचा करार दोन वर्षांचा.

साताऱ्याचा_वकील

म्हणूनच 'नंतर बघू' म्हणू नका. आणि ते कंत्राटाचं मागचं पान सापडलं का?

रानमोगरा

मी इतके दिवस नुसतीच वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

मी सहा वर्षं मदतकार्यात होते, लॉजिस्टिक्समध्ये, आफ्रिकेतल्या एका देशात. देशाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. या धाग्यावर जिनिव्हा, न्यूयॉर्क, म्युनिक सगळं आलं. पण या संस्थांचं निम्मं काम ज्यांच्या हातानं होतं ते स्थानिक लोक अजून आले नाहीत. चालक, गोदामवाले, दुभाषे, स्वयंपाकी.

एका रात्री शहरात गोळीबार सुरू झाला. आम्हा परदेशी लोकांना सकाळी विमानानं हलवायचं ठरलं. नियम असा असतो की परदेशातून आणलेल्यांना देशाबाहेर काढतात, स्थानिकांना फार तर देशातच सुरक्षित जागी नेतात. आमचा चालक, नाव नाही सांगत, सहा वर्षं मला रोज 'सिस्टर' म्हणून हाक मारायचा. त्यानं मला विमानतळावर सोडलं. गाडीची किल्ली परत द्यायला पुढे आला, कारण ती कार्यालयाची मालमत्ता. मी म्हटलं ठेव, घरी जायला लागेल. तो म्हणाला, रजिस्टरमध्ये सही करावी लागेल. त्या गोंधळात, त्या आवाजात, त्यानं रजिस्टर उघडलं आणि मी सही केली. मग तो त्याच रस्त्यानं परत गेला. तो सुखरूप आहे. पण ती सही मी विसरू शकत नाही.

परत आल्यावर त्याच्यासाठी बोलणारं कोण होतं? कर्मचारी संघटना. स्थानिकांना अशा वेळी आगाऊ पगार मिळावा, कुटुंबाला हलवायला पैसे मिळावेत, यासाठी त्याच भांडल्या. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कॅनल हॉटेलमधल्या यूएन कचेरीवर ट्रकबॉम्ब फुटला, बावीस माणसं गेली, यूएनचे तिथले प्रमुख दूत सर्जिओ व्हिएरा द मेलो त्यातच गेले. त्या आधीही आणि नंतरही मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांची मोजणी करून दर वर्षी नावं मांडत राहणारी न्यूयॉर्कची युनियनच आहे. आणि गाझात ऑक्टोबर २०२३ पासून यूएनआरडब्ल्यूए या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या यूएन संस्थेचे तीनशेहून जास्त कर्मचारी गेले, जवळजवळ सगळे स्थानिक, शिक्षक, परिचारिका. त्यांच्या युनियन शिक्षकांची वेगळी, कामगारांची वेगळी, सेवकांची वेगळी अशा आहेत आणि त्या पगारासाठी, नोकरकपातीविरुद्ध कायम लढत आल्यात. पोटावर आणि जीवावर दोन्हीकडून बेतलेलं असताना.

शेखरदादा, पगार जास्त आहे म्हणून युनियन कशाला, असं तुम्ही विचारलंत. माझ्या चालकाचा पगार विचारा एकदा.

शेखर_डोंबिवली

रानमोगरा, माझा प्रश्न मी मागे घेतो. तुमच्या चालकाला माझाही नमस्कार.

नदीपल्याड

रानमोगरा, फार बरं केलंत लिहिलंत.

याला जोडून भाचीच्या दिल्लीच्या चार वर्षांकडे परत येते, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचं दुखणं तिथे आहे. २०१४ मध्ये यूएनच्याच तपासणी विभागानं अहवाल दिला होता की यूएन संस्थांच्या मनुष्यबळात चाळीस टक्क्यांहून जास्त लोक 'नॉन-स्टाफ' आहेत. तीच खुर्ची, तेच काम, तोच साहेब, फक्त नाव कन्सल्टंट. ना पेन्शन, ना न्यायाधिकरण, ना युनियनमध्ये मत. जर्मनीत डार्मस्टाटला युरोपीय अवकाश संस्थेत दोन माणसं वर्षानुवर्षं बाहेरच्या कंपनीमार्फत काम करत होती. आम्ही खरं तर संस्थेचेच नोकर आहोत, असं म्हणत ती थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेली. १९९९ मध्ये हरली. न्यायालय म्हणालं, दाद मागायचा दुसरा वाजवी मार्ग असेल तर संस्थेची इम्युनिटी चालेल. 'दुसरा वाजवी मार्ग' हे शब्द पुढे बऱ्याच लोकांच्या कामी आले, पण त्या दोघांच्या नाही.

युनियनांनी गेल्या शंभर वर्षांत आतल्यांसाठी खूप केलं. दाराबाहेरच्या कन्सल्टंटसाठी त्या मानानं कमी केलं. मी युनियनची बाजू घेणारी आहे, म्हणूनच हे ठणकावून सांगते.

तळ्याकाठी

मान्य. पूर्ण मान्य. आम्ही सभेत हा विषय घ्यायचो तेव्हा आमच्यातलेच काही म्हणायचे, आधी आपली खुर्ची सांभाळू. २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. २० जानेवारीला अमेरिकेनं डब्ल्यूएचओ सोडायची घोषणा केली, मदतीचे पैसे आटले, मार्चमध्ये सरचिटणीसांनी काटकसरीचा 'यूएन-८०' कार्यक्रम काढला. आणि सगळ्यात आधी कुणाची कंत्राटं गेली? कन्सल्टंटांची. कागदोपत्री ती कपातसुद्धा धरली गेली नाही, कारण ते 'कर्मचारी' नव्हतेच. १ मेला प्लेस दे नासियोंवर, त्या तुटक्या पायाच्या मोठ्या खुर्चीच्या चौकात, शेकडो लोक जमले. कायमचे, कंत्राटी, इंटर्न सगळे एका रांगेत उभे होते. हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

सुगरण_माई

अवांतर विचारते, माफ करा. आमचे हे यूएनच्या एका संस्थेतून निवृत्त झाले. त्या पेन्शनवर भारतात कर भरायचा का? सीए दरवर्षी वेगळं सांगतो.

साताऱ्याचा_वकील

माई, कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यावर प्रत्यक्ष कर मंडळाचं १९८१ चं परिपत्रक आहे, क्रमांक २९३. त्यात यूएनच्या पेन्शनला सूट मानली आहे. परिपत्रकाची प्रत सीएपुढे ठेवा. मात्र साहेबांची संस्था नेमकी कुठली आणि पेन्शन यूएनच्याच फंडातून येते का, ते त्याला तपासू द्या.

सुगरण_माई

शंभर वर्षं आयुष्य लाभो. साताऱ्याला आले की पुरणपोळी पोचवते.

कोरांटी

उशिरा लिहितेय, इकडे धावपळ होती. सगळे प्रतिसाद मी भाचीला आणि भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवले. रानमोगराचा वाचताना मध्येच थांबावं लागलं. भाऊजी उठून गॅलरीत गेले, परत आले आणि म्हणाले, "वर्गणी किती आहे गं?"

सही झाली. तळ्याकाठी, मुदतींचे आकडे तिनं साठ, नव्वद असे मोठ्या अक्षरांत पहिल्या पानावर लिहिलेत. ताईनं युनियनच्या पहिल्या सभेसाठी चकल्यांचा डबा बांधून दिलाय. भाची 'आई, तिथे असं चालत नाही' म्हणत होती, पण डबा बॅगेत गेलाय. सभेत पहिला प्रश्न कन्सल्टंटांचा विचारणार असं तिनं ठरवलंय.

आणि वकीलसाहेब, मागचं पान सापडलं. सतरावं कलम, मुंगीएवढी अक्षरं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, आधी सामोपचार, मग लवाद. खंडाच्या महिन्यांत आलेले फोन आणि मेसेज तिनं तारखेनिशी उतरवून काढले, चार वर्षांचे मिळून साडेसहा पानं झाली. तीन आठवड्यांच्या पैशांच्या मागणीला ते जोडलेत.

साताऱ्याचा_वकील

फार छान. पत्र ईमेलनं पाठवू नका, किंवा ईमेलनंही पाठवा आणि कागदावरही. पोच जपून ठेवा. उत्तर आलं की मला संदेश करा, फी नाही.

कोरांटी

काल दुपारी कुरियरनं गेलं. पोच आली की इथे लिहिते.